चौथ्या काठीचा पट्टा

एल्डन मात्तिलाच्या शिकारीच्या सामानाला त्याच्या बायकोनेसुद्धा हात लावायचा नाही, असा त्याच्या घरचा कायदा होता. लावायचाच झाला तर रबरी हातमोजे घालून. माणसाचा वास कापडाला लागतो, पट्ट्यांना लागतो, आणि एकदा लागला की हरीण त्या झाडाच्या आसपास फिरकत नाही, असं तो सांगायचा. व्हर्नाच्या हातांना तर कायम वेलदोड्याच्या पावाचा वास. म्हणून शेडच्या दाराआड एका खिळ्याला तिच्यासाठी वेगळे मोजे टांगलेले असत. लग्न झाल्यापासून किती जोड फाटले आणि किती नवे आले, त्याचा हिशेब नाही. बायका त्यावरून तिची थट्टा करायच्या. "नवऱ्याला हात लावतानाही मोजे घालतेस का गं?" असं चर्चमध्ये कॉफी पिताना कुणीतरी विचारायचंच, आणि व्हर्ना म्हणायची, "हंगामात तो लावूच देत नाही, मोजे कशाला?"

बंदुकीच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी एल्डन शेडमध्ये सामान बांधायला बसला. ही बांधाबांध म्हणजे पूजाच होती त्याची. आधी मचाण. पाठीवर नेता येईल असं, ॲल्युमिनियमचं, दुमडणारं. पाय ठेवायला एक जाळी आणि बसायला वहीएवढी गादी. मग झाडावर चढायच्या काठ्या, चार. प्रत्येक काठीला पायऱ्या, आणि खोडाला आवळायला प्रत्येकीचा आपापला पट्टा. पहिली काठी खाली बांधायची, तिच्यावर चढून दुसरी, दुसरीवरून तिसरी, तिसरीवरून चौथी, आणि चौथीवर उभं राहून मचाण अडकवायचं. धातूवर धातू आपटून आवाज झाला की दोन शेतं पलीकडचं हरीण कान टवकारतं. म्हणून त्याने काठ्यांच्या कडांना कापडी चिकटपट्टी गुंडाळली होती, बकलांना जुन्या पायमोज्यांचे तुकडे शिवले होते. काठ्या एकीत एक बसवून तो प्रत्येक पट्ट्यावर टपली मारायचा आणि बापाकडून आलेल्या मोडक्या फिनिश भाषेत मोजायचा, "एक्सी, काक्सी, कोल्मे, नेल्या." मग सगळं मचाणाला आवळून बांधायचं, सीडरच्या फांद्या अंथरलेल्या पेटीत ठेवायचं आणि झाकण लावायचं. झाकण लावल्यावर कुणी पेटीकडे बघितलेलंही त्याला खपायचं नाही.

व्हर्ना दारात उभी राहून बघत होती. त्याने या वर्षी झाडावर चढू नये असं तिला वाटत होतं.

कारण सप्टेंबरात लाकडं फोडताना एल्डनने कुऱ्हाड टाकून ढिगाचा आधार घेतला होता. नंतर एकदा स्वयंपाकघरात उभ्याचा खाली बसला, आणि शुद्धीवर आल्यावर म्हणतो कसा, फरशी कुणी पुसली इतकी गुळगुळीत. डॉक्टरने तारा लावून तपासलं. हृदय मधूनच ठोका चुकवतं, डिसेंबरात छातीत यंत्र बसवू, तोवर शिडीवरसुद्धा पाय ठेवायचा नाही, असं बजावलं. एल्डन तिथे "बरं, बरं" म्हणाला आणि गाडीत बसल्याबरोबर त्याने व्हर्नाकडून वचन घेतलं: लेस्टरला यातलं अक्षर कळता कामा नये. लेस्टर म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. त्याला कळलं की जंगलातल्या शिकारीच्या तळावरच्या सगळ्यांना कळणार, आणि मग एल्डनच्या हाती बंदुकीऐवजी पळी देऊन त्याला बटाटे सोलायला बसवणार. बायकोने वचन दिलं. द्यायला नको होतं. पण नवऱ्याने असं तोंड करून मागितलं की भल्याभल्या बायका घसरतात.

"जमिनीवर बस ना या वर्षी," ती त्या दुपारी शेवटचं म्हणाली. "झाडाला पाठ टेकून. तुझा बाप तसाच बसायचा."

"माझा बाप शेवटच्या वर्षी जंगलातून अनवाणी घरी आला," एल्डन म्हणाला. "बूट कुठे ठेवले ते आठवेना. त्याचं उदाहरण देऊ नकोस."

हे त्याचं दुखणं होतं, हृदयापेक्षा जुनं. बापाचं डोकं एकेक दिवा मालवावा तसं विझत गेलं. शेवटी तो गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात गेला आणि लेकालाच विचारायला लागला की बाबा रे, तू कोणाचा? तेव्हापासून एल्डन स्वतःवर पहारा ठेवून होता. किल्ली जागेवर नाही दिसली की त्याचा चेहरा पांढरा पडायचा. शाळेच्या हॉलमध्ये पोरांना शिकारीचे नियम शिकवायचा, दरवर्षी, तेही पुस्तक न उघडता. अंगात घालायचा सुरक्षेचा पट्टा आणि त्याचा खोडाभोवतीचा दोर, जमीन सोडल्यापासून जमिनीवर परत येईपर्यंत सोडायचा नाही, हे वाक्य त्या गावातल्या अर्ध्या माणसांना त्याच्याच आवाजात पाठ होतं.

पेटी बंद करून तो सॉनात गेला. हंगामाच्या आदल्या दिवशी वाफ घेऊन, बिनवासाच्या साबणाने अंग घासून तो चांगला तासभर बाहेर येत नसे. चिमणीतून धूर निघायला लागला तशी व्हर्ना शेडमध्ये शिरली.

तिने सगळा विचार केला होता. सगळं सामानच लपवलं तर तो लेस्टरकडून उसनं आणणार. अंगपट्टा लपवला तर, बाई गं, तो तसाच चढणार. पण चौथ्या काठीचा एकच पट्टा काढला, तर ते त्याला झाडावर, अंधारात, शेवटच्या काठीलाच कळणार. तिथे दुसरा पट्टा मिळायचा नाही. तीन काठ्यांच्या उंचीला त्याच्या नेहमीच्या हेमलॉकच्या झाडाला फांद्यांचं असं जंजाळ आहे की मचाण लागतच नाही, हे त्यानेच तिला शंभरदा ऐकवलं होतं. मग शिव्या घालत खाली उतरेल, खोडाशी बसेल. संध्याकाळी घरी येऊन तिच्यावर डाफरेल, आणि तीही दोन शब्द ऐकून घेईल. जिवावरचं बोटावर निभावेल, असा तिचा हिशेब.

खिळ्यावरचे मोजे तिने घातले. नवऱ्याची चोरी करायची आणि त्याच्या हरणाला मात्र वास लागू द्यायचा नाही! सवयीला काय म्हणावं? पट्टा सोडवला, सगळं होतं तसं आवळून बांधलं, फांद्या सारख्या केल्या, झाकण लावलं. पट्टा एप्रनच्या खिशात घालून ती घरात आली आणि उद्याच्या मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्यांसाठी कणीक मळायला लागली. मनातून तिला स्वतःच्या हुशारीचं थोडं कौतुकच वाटत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते नंतर कळतं.

पहाटे तो गेला. त्याच दिवशी दुपारी जेवायला तळावर सगळे जमले आणि एल्डन आला नाही, तेव्हा लेस्टर त्याच्या खुणेच्या झाडाकडे निघाला. एल्डन हेमलॉकच्या मुळाशी बर्फात पडला होता. शुद्धीवर होता. दात वाजत होते आणि कमरेखाली काहीच हलत नव्हतं. त्याला चादरीच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणला, तिथून गाडीने मोठ्या इस्पितळात. लेस्टरने व्हर्नाला फोन केला तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. त्याला एक गोष्ट काही केल्या समजत नव्हती आणि तीच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

"चौथ्या काठीला पट्टाच नव्हता, व्हर्ना. त्याने स्वतःचा दोर सोडून काठीला बांधलाय. गाठ अजून घट्ट आहे, काठी तसूभर हललेली नाही. फक्त तोच कशाला बांधलेला नव्हता."

व्हर्नाने फोन ठेवला. ती खुर्चीवर बसली, उठली, परत बसली. ज्या दोराने तो वाचायचा तो दोर तिने त्याला सोडायला लावला होता. शाळेच्या हॉलमध्ये पोरांच्या कानीकपाळी ओरडणारा माणूस तो दोर सोडेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण हंगामाची पहिली पहाट, वर्षभर वाट बघितलेली, पूर्वेला फटफटायला लागलेलं, खाली बर्फात कुणाची तरी पावलं वाजतायत. अशा वेळी शिकाऱ्याचं शहाणपण टिकत नाही, हे इतकी वर्षं त्याच्यासोबत काढून तिला कळायला हवं होतं. नाही कळलं.

आणि मग तिने जे केलं त्याला मात्र मी काही म्हणजे काही सबब देणार नाही. इस्पितळाला निघण्याआधी ती शेडमध्ये गेली आणि खिशातला पट्टा बाकाखाली, भुश्शात टाकून आली. या वेळी मोजे घातले नाहीत. का टाकला? घाबरली, दुसरं काय. चोराच्या मनात चांदणं. खिशात पट्टा घेऊन नवऱ्याच्या खाटेशी उभं राहायचं तिला धैर्य झालं नाही.

डॉक्टरांनी कण्यात सळ्या घातल्या. ओटीपोटाचं हाड तीन जागी मोडलं होतं. एक पाय हळूहळू परत येईल, दुसऱ्याचं सांगता येत नाही, वसंतापर्यंत खाटेवरच, असं ते म्हणाले. हृदयाचं यंत्रही तिथेच बसवून टाकलं. एल्डन हे सगळं ऐकून घेत होता, अगदी विनोदसुद्धा करत होता. नर्सला म्हणाला, हरणाचं मांस खाटेवर आणून दिलंत तर मी पळूनसुद्धा जाणार नाही. पाय गेला तरी माणूस शाबूत होता.

तिसऱ्या दिवशी लेस्टर सामान घेऊन आधी घरी आणि मग इस्पितळात आला. काठ्या शेडमध्ये ठेवताना त्याला बाकाखाली पट्टा दिसला होता. त्याने ते सहज सांगितलं, कोडं सुटल्यासारखं. "अरे, तिथेच पडला होता. बांधताना राहून गेला असणार. होतं असं."

व्हर्ना एल्डनकडे बघत होती. एवढ्या उंचीवरून पडून जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. तोंडावरचं रक्त उतरलं त्याच्या. "मी मोजले होते," तो म्हणाला. मग हळू आवाजात: "मोजले होते ना?"

"विसरतो माणूस," लेस्टर म्हणाला.

"हो," एल्डन म्हणाला. "आमच्या घरात विसरतो."

त्या दिवसापासून तो खचतच गेला. गोळी घेतली का, असं गोळी घेतल्याबरोबर विचारायचा. जेवल्यावर ताटाकडे बघून व्हर्नाला म्हणायचा, मी संपवलं ना? लेस्टरला त्याने गाडीची किल्ली दिली आणि बंदूक विकून टाक म्हणाला. शाळेत निरोप पाठवला की पुढच्या वर्षी पोरांना दुसरा कुणी शोधा. ज्याला पट्टा आठवत नाही त्याने दुसऱ्यांची पोरं झाडावर चढवू नयेत. गावातही तेच झालं. मारलेली हरणं चौकात टांगतात त्या दांडीखाली उभं राहून लोक हळहळत म्हणायचे, बिचारा एल्डन, बापावर गेला. म्हणणारी माणसं वाईट नव्हती. पास्ट्या आणि सूप घेऊन व्हर्नाकडे येत होती.

मग त्याने स्वतःच डॉक्टरला सांगून डोक्याची तपासणी मागितली. एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन बसली. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा, मघाशी सांगितलेले पाच शब्द परत सांगा. वर्षानुवर्षं गिरणीत फळ्यांची मापं तोंडी काढलेला माणूस. पण प्रत्येक उत्तराआधी तो अडखळायचा, उत्तर देऊन मागे घ्यायचा, "नाही, थांबा" म्हणायचा. एकोणऐंशीच्या जागी ब्याऐंशी म्हणाला आणि रडायलाच लागला. डॉक्टरीण म्हणाली की धक्का मोठा आहे, औषधं चालू आहेत, यावरून काही ठरत नाही. एल्डनला जे ठरवायचं ते त्याने ठरवलं होतं.

आणि व्हर्नाला? तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, हे तिला रोज त्या खुर्चीवर बसून दिसत होतं. तो आता कधीही झाडावर चढणार नव्हता. तिचं प्रत्येक म्हणणं ऐकत होता. पी म्हटलं की पीत होता, नीज म्हटलं की डोळे मिटत होता. नुसतं तोंड मिटून बसली असती तर उरलेलं आयुष्य असा गरीब गाय झालेला नवरा तिच्या पदरात पडला असता. चार दिवस ती मूग गिळून बसली. पाचव्या दिवशी एल्डनने तिला वृद्धाश्रमात फोन करायला सांगितला.

"कुठल्या?" तिने विचारलं, जणू गावात दहा होते.

"बाप होता तिथे. जागा आहे का विचार. पुढे मी तुला ओळखेनासा होईन, तेव्हा घरात नको. तू ते बघायचं नाहीस."

व्हर्ना उठली आणि खोलीचं दार लावून आली.

"तू विसरला नव्हतास," ती म्हणाली. "पट्टा मी काढला."

त्याला आधी कळलंच नाही. मग तिने सगळं सांगितलं. तू सॉनात होतास. पेटी मी उघडली. वरच्या काठीचा, ज्याच्या बकलाला निळ्या पायमोज्याचा तुकडा शिवलाय तो. तू जमिनीवर बसावंस म्हणून. आणि बाकाखाली मीच टाकला, लेस्टरचा फोन आल्यावर. सांगताना ती रडली नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं.

एल्डन छताकडे बघत पडला होता. "मी बांधलं तेव्हा चारही होते?"

"चारही होते."

"मी मोजले तेव्हा?"

"मी दारात उभी होते, एल्डन. चार मोजलेस. चार होते."

आणि तो हसला. आधी नुसते ओठ हलले, मग छाती हलायला लागली, कण्यातल्या सळ्यांनी कळ आली तरी हसतच राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने घंटी दाबली, डॉक्टरणीला बोलवा म्हणाला, कागद घेऊन या म्हणाला. ती आली तेव्हा शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी असा धडाधडा खाली उतरत गेला, पाचही शब्द उलटे सांगितले, आणि वर तिला विचारलं की आता तुमची परीक्षा घेऊ का. ती खूश झाली. एवढा बदल कसा काय, तिने विचारलं.

"बायकोने पट्टा काढला होता," एल्डन म्हणाला. "मी नाही विसरलो. हिने काढला होता."

डॉक्टरणीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि ती व्हर्नाकडे बघायला लागली. मग एल्डनने लेस्टरला फोन लावला आणि त्यालाही तेच सांगितलं, तितक्याच आनंदाने. शाळेच्या मास्तरांना सांगितलं. दुखवायचं म्हणून नव्हे. माणसाला स्वतःचं डोकं परत मिळालं होतं, तो ते सगळ्यांना दाखवत सुटला होता, आणि दाखवायचं तर बायकोचं नाव घेतल्याशिवाय दाखवता येत नव्हतं. व्हर्ना खुर्चीवर बसून प्रत्येक फोन ऐकत होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. त्या रात्रीपासून तिच्याकडे सूप आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा दाढी केलेली होती आणि नाश्त्याचं ताट रिकामं होतं. ती त्याला घरच्या तयारीचं सांगायला लागली. खाट खालच्या खोलीत लावून घेते, दाराचा उंबरा काढायला सुतार येतोय, बाथरूमला दांड्या बसवून घेते. त्याने मध्येच तिच्या हातावर हात ठेवला.

"मी लेस्टरकडे जातो," तो म्हणाला.

तिने विचारलं, राग आला का. त्याने खराखुरा विचार केला, मग मान हलवली.

"राग नाही. तुला भीती वाटत होती, आणि तुझं बरोबर होतं. मी चढायलाच नको होतं. पण व्हर्ना, मला आता सहा महिने दुसऱ्याच्या हातून खायचंय, गोळ्या घ्यायच्यात. गोळी जिभेवर ठेवली की मी विचार करत बसणार, माझ्या भल्यासाठी हिने आज काय केलं असेल. काही चुकलं की माझं डोकं चुकलं की तू काही केलंस, हे मला कळायचं नाही. तसा मी वेडा होईन. बाप झाला त्याच्या आधी होईन."

"मी आता कधीच..." ती म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"आणि वसंतात? चालायला लागलास की?"

तो खिडकीकडे बघत राहिला. बाहेर तलावावरून बर्फाची वावटळ येत होती. "तुला खोटं सांगणार नाही," तो म्हणाला. "माहीत नाही." मग म्हणाला की निघ आता, रस्ते गोठायला लागतील, पुलावर गाडी सावकाश घे.

व्हर्नाने कोट घातला. इतक्या दिवसांच्या सवयीने तिने जगमधलं पाणी पेल्यात ओतलं आणि त्याच्यापुढे धरलं. एल्डनने पेला घेतला, तिचे आभार मानले, आणि न पिता बाजूला ठेवला.